गुरुवारी माळ, रविवारी भूत

चिंचेच्या बुंध्याला बांधलेला माणूस ओरडत होता, "मुंग्या काढा, माझ्या अंगावरच्या मुंग्या काढा," आणि त्याच्या अंगावर एकही मुंगी नव्हती. मी चार हात अंतरावर उभा होतो, डोळ्यांनी पाहत होतो. उघड्या छातीवर फक्त वळ होते, काही सुकलेले, काही ओले. समोर त्याची बायको, हातात पाण्यात भिजवलेला काथ्याचा दोर. भोवती चारेकशे माणसं. आठवडी बाजार आटोपून परस्पर इकडे आलेली, पिशव्यांतून मेथी आणि कांद्याची पात डोकावत होती. काही जण भजी खात होते.

"कोण हायेस तू? बोल." चौथऱ्यावरून कोंडीराम महाराजानं विचारलं. भगवी लुंगी, पांढरी दाढी, मनगटाला घड्याळ. "कुणाच्या बाटलीतनं आलास?"

"मुंग्या... मुंग्या चढूलाल्यात..."

"ऐका. मुंग्यांच्या वाटंनं आलाय म्हणूलालाय. म्हंजी मसनवट्यातला हाय. मसनवट्यातनं मुंगीत, मुंगीतनं बाटलीत, बाटलीतनं ह्येच्यात. ह्यो झिंग्या वीर हाय. लाव आक्का, आनखी पाच लाव. भिऊ नगं, नवऱ्याला लागत न्हाय. झिंग्याला लागतंय."

बाईनं पाच लावले. पाचव्याला कातडी फाटली.

गावाचं नाव लिहीत नाही. उमरगा तालुक्यातलं, हायवेपासून चार किलोमीटर आत, एवढं पुरे. माझी धाकटी बहीण शिवकांता त्या गावात दिली आहे, आणि तिथल्या बायकांनी पुढं मलाही त्याच दोरानं झोडपलं, म्हणून त्यांची लाज मी राखतो. माझं नाव महारुद्र. मी १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स चालवतो. आमच्या खात्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. गाडी खड्ड्यातूनच जाते, पण हुद्दा तेवढा आभाळातला.

मारून झाल्यावर कोंडीरामानं पितळी लोट्यातलं तीर्थ त्या माणसाच्या तोंडाला लावलं. वर अंगाऱ्याचा थर, कापराचा भपका. तो घटाघटा प्यायला. मग टाळ वाजले, आरती झाली, आणि अर्ध्या तासात खरोखर त्याची थरथर थांबली. मुंग्या गेल्या. दोर सोडला तर तो बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेला. नारळ फुटले, लोकांनी हात जोडले. माझा बाबालोकांवर बिलकूल भरवसा नाही, पण खोटं कशाला सांगू, माझेही हात जोडले गेले. चार दिवस दारू न मिळालेला माणूस इतक्या पटकन शांत झालेला मी कधी पाहिला नव्हता.

त्या माणसाचं नाव मल्लिकार्जुन. बहिणीच्या घरापासून तिसरं घर.

"आण्णा, म्या बी ह्यास्नी माळ घालणार," शिवकांता घरी आल्यावर म्हणाली.

"नाटक असतंय ते, कांता."

"असू दे की. नाटकानं दारू सुटत असंल तर नाटक बी गोड हाय."

चहाचा कप तिनं उजव्या हातानं दिला. डावं मनगट वाकडं जुळलंय, त्यानं भांडं उचलत नाही. ते मनगट गुरुलिंगनं मोडलं होतं, तिच्या नवऱ्यानं. समोरचे दोन दातही त्याचेच. पाठीवर उलथन्याचा डाग आहे, तो मी पाहिलेला नाही, आईनं सांगितलाय. बारा वर्षं. प्रत्येक वेळी मी तिला घेऊन जायला आलो आणि प्रत्येक वेळी ती राहिली.

"महाराज काय म्हनलं ठाव हाय का?" ती चुलीकडं बघत म्हणाली. "म्हनलं, पोरी, तुला मारणारा तुझा नवरा न्हवं. नवऱ्याचा नुस्ता हात हाय. हात वापरणारा दुसराच हाय. मला ते पटलं बघ. लगीन झालं तवा असं न्हवते हे. मला सायकलवर डबल सीट घिऊन तेरला नेलं व्हतं."

माझ्या मनात जे आलं तेही लिहून टाकतो: चार दोर गुरुलिंगच्या पाठीवर बसले तर बरंच. भूत असो, नसो.

म्हणून महिन्याभरानं एका गुरुवारी सकाळी मीच त्याला मोटारसायकलवर बसवून मठात नेलं. मठ म्हणजे पत्र्याची शेड, चौथरा आणि ती चिंच. आमच्या पुढं एक शेतकरी होता, त्यालाही दारू सोडायची होती. कोंडीरामानं त्याला विचारलं, किती पितोस? तो म्हणाला, बाजाराला, सणाला. कोंडीराम म्हणाला, "तुला झिंग्या न्हाय. जा, घर सांभाळ."

मग गुरुलिंगची पाळी.

"सकाळी तोंड धुवायच्या आधी लागती का?"

"व्हय, महाराज."

"न्हाय भेटली तर हात कापत्यात?"

गुरुलिंगनं हात पुढं धरले. बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती.

"किती वर्सं झाली?"

"धा-बारा."

"शेवटची कवा घेतली?"

गुरुलिंग माझ्याकडं बघून म्हणाला, "आता येताना. पाव्हण्यास्नी न कळता."

"बस. रैवारी चार वाजता बोलंल त्यो." त्यानं गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली. "तवर खोलीत कोंडून ठिवायचा. थेंब द्यायचा न्हाय. अन् दवाखाना बिलकूल न्हाय. सुई टोचली की झिंग्या मेंदूत जाऊन बसतोय, मंग म्या बी काय करू शकत न्हाय."

मला हसू आलं. मी म्हणालो, "महाराज, भूत काय एसटी आहे का, टायमावर यायला?"

कोंडीराम रागावला नाही. म्हणाला, "एसटी चुकंल, डायवर. झिंग्या चुकत न्हाय."

त्याचं हे एकच वाक्य खरं होतं, आणि ते मला तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी ड्युटीवर होतो. उमरग्याच्या दवाखान्यातून धाराशिवला एक पेशंट न्यायचा होता. रणधीर नावाचा गवंडी, गुरुवारी परांचीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन करायचं होतं. गाडीत मागं डॉक्टर मिनाज होत्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू, पण पेशंटच्या नातेवाइकांना गप्प बसवायला दुसरं कोणी लागत नाही. नळदुर्ग ओलांडलं आणि मागून आवाज आला.

"मुंग्या. ह्या चादरीवर बघा मुंग्या. ओ ताई, झटका की."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात पाहिलं. रणधीर चादरीवरून एकेक मुंगी चिमटीत धरून खाली टाकत होता. चादर पांढरीशुभ्र होती. मग तो उठून बसायला लागला, मोडक्या पायासकट, डॉक्टरांना धक्का मारला, सलाइनची सुई उपटली, रक्ताची धार पत्र्यावर उडाली. "मला मारायला आल्यात," तो ओरडला. त्याच्या भावानं त्याला दाबून धरलं तर त्यानं भावाचं बोट चावलं. आणि मग एकदम तो ताठ झाला, डोळे पांढरे, दातखीळ, सगळं अंग स्ट्रेचरवर आपटायला लागलं.

"गाडी थांबवू नका, महारुद्रभाऊ," डॉक्टर मिनाज म्हणाल्या. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं. झटका थांबला. थोड्या वेळानं रणधीर घोरायला लागला. मुंग्या गेल्या.

"मॅडम," मी म्हणालो, "ह्याला झिंग्या लागलाय. आज चौथा दिवस आहे. गुरुवारी पडला तो."

"काय लागलंय?"

मी सगळं सांगितलं. माळ, कोंडणं, रविवार, चिंच, मुंग्या, तीर्थ. त्या ऐकत होत्या आणि रणधीरची नाडी धरून होत्या.

"तुमच्या महाराजानं जे प्रश्न विचारले ना, ते मी रोज विचारते," त्या म्हणाल्या. "सकाळी लागते का, हात कापतात का, किती वर्षं, शेवटची कधी. माझ्याइतकीच चांगली माहिती घेतो तो. हे बघा, तुम्ही गाडी चालवता म्हणून तुमच्या भाषेत सांगते. दारू मेंदूचा ब्रेक दाबते. वर्षानुवर्षं रोज दाबला, की मेंदूही गाडी चालू ठेवायला अ‍ॅक्सिलेटर दाबून धरतो. एक दिवस दारू अचानक बंद. ब्रेक सुटला, अ‍ॅक्सिलेटर तसाच. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. मग झटके येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही जणांना नसलेलं दिसायला लागतं. मुंग्या, उंदीर, मारायला आलेली माणसं. गुरुवारी बंद केली की रविवार येतो. याला मंत्र लागत नाही, कॅलेंडर लागतं."

"आणि तीर्थानं शांत होतात ते?"

"किती वेळात?"

"अर्ध्या तासात."

"मग तीर्थात झोपेच्या गोळ्या आहेत. पोरं ज्याला बटन म्हणतात ना, तेच. मी आत्ता दिलं ते त्याच जातीचं औषध. फरक एवढाच, की मी श्वास मोजत देते. त्यात दारू मिसळली आणि मोजमाप नसलं, तर माणूस झोपेतच थंड पडतो." त्या थांबल्या. "आणि असा पेशंट तीर्थापर्यंत पोचलाच पाहिजे असंही नाही. अंगात ताप, पोटात पाणी नाही, वरून मार. उपचार मिळाले नाहीत तर यातली काही माणसं मरतात."

मला गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली. शेजारच्या वाडीचा एक जण त्याच चिंचेखाली गेला होता. कोंडीराम म्हणाला, झिंग्या जाताना जीव घिऊन गेला. घरच्यांनी प्रेतावर हार घातला, वर मठाला दक्षिणा दिली.

"मॅडम," मी म्हणालो, "माझे दाजी आज चार वाजता बांधले जाणार आहेत. मीच नेलं होतं त्यांना."

त्यांनी मला उपदेश केला नाही. "पोचलात की १०८ ला फोन करा. कॉल आल्याशिवाय गाडी हलवता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कॉल आला की निघाले मी. आणि झटका आलेल्याच्या तोंडात काहीही ओतू देऊ नका. पाणीसुद्धा."

शिवकांताला फोन लावत राहिलो. लागेना. मठात शिरताना फोन टोपलीत काढून ठेवायचे असतात, हे नंतर आठवलं.

उमरग्यात गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन मोटारसायकलनं पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. गुरुलिंग चिंचेला बांधलेला होता. तीन दिवसांत माणूस अर्धा झाला होता. ओठ फाटलेले, डोळे तांबारलेले, अंगाला घामाच्या धारा. "उंदरं हायेत," तो म्हणत होता, "आई, पायाला उंदरं धरूलाल्यात." त्याची आई सारजाबाई समोरच होती. पहिले पाच आईचे, असा मठाचा नियम. म्हातारीनं ते मारून झाले होते आणि ती खाली बसून कपाळ बडवत होती.

दोर आता शिवकांताच्या हातात होता.

तिनं पाच मारले. सहावा मारला. कोंडीराम म्हणाला, बास आक्का. तिला ऐकू गेलं नाही.

"ह्यो मनगटाचा," ती म्हणाली आणि दोर ओढला. "ह्यो दाताचा. ह्यो दुसऱ्या दाताचा. ह्यो उलथन्याचा. ह्यो पोटातल्याचा."

पोटातल्याचं मला माहीत नव्हतं. आईलाही नाही. दोर हवेत शिट्टी वाजवत येत होता आणि गुरुलिंगच्या खांद्यावरचं मांस उघडं पडत होतं. भोवतीच्या बायका पुढं सरकल्या होत्या. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं, ही गर्दी भूत पाहायला येत नाही. गावात ही एकच जागा आहे, जिथं बाईला हात उचलता येतो आणि कोणी बोलत नाही.

मी तिचा हात धरला. तिनं वळून माझ्या तोंडावर दोर मारला. तिला मी ओळखूच आलो नाही. मागून कोणी धोंडा मारला, कानामागं गरम ओघळ आला.

"भुताची बाजू घ्यूलालाय," एक माणूस ओरडला. "ओढा त्येला."

तेवढ्यात गुरुलिंगची मान मागं गेली. दात आपटले, जीभ चावली, तोंडातून तांबडा फेस आला. सगळं अंग दोरांत उसळायला लागलं, चिंचेचा पाला खाली गळत होता. सारजाबाई किंचाळली.

"निघाला," कोंडीराम म्हणाला. "बघा, झिंग्या निघूलालाय. तीर्थ आना."

मी खिशातला चाकू काढून दोर कापला. गुरुलिंग माझ्या अंगावरच कोसळला. त्याला कुशीवर वळवून, तोंड खाली करून धरलं, आणि मोकळ्या हातानं १०८ लावला. मी फोन टोपलीत टाकला नव्हता. कोंडीराम लोटा घेऊन आला, गुरुलिंगच्या तोंडाला लावू लागला. मी त्याचं मनगट पिरगळलं आणि लोटा काढून घेतला. निम्मा सांडला, निम्मा राहिला.

आता मला राग आला होता, आणि रागात माणूस शहाणपणा करत नाही.

"ऐका," मी म्हणालो. "हे तीर्थ भूत काढतं. बरोबर? मला भूत नाही. मी दारूला शिवत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणजे ह्या तीर्थानं मला काहीच व्हायला नको."

आणि मी पाचसहा घोट घेतले. कापराच्या खाली कडू, कडूच्या खाली देशी दारू. कोंडीरामाचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि डॉक्टर मिनाज बरोबर आहेत हे मला तिथंच समजलं. असला मूर्खपणा कोणी करू नये. डॉक्टरांनी यासाठी मला नंतर जे झापलं, ते इथं लिहीत नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शिवकांतानं सांगितलेलं आहे.

गुरुलिंगचा झटका ओसरला, तो घरघरत पडला होता. मी त्याला धरून बसलो होतो. थोड्या वेळानं माझी जीभ जड झाली. मी काहीतरी सांगत होतो, त्यातला शब्द कळेना. मग मान पडली.

कोंडीराम चौथऱ्यावर चढला. "बघितलं का? झिंग्या ह्येच्यातनं उडाला, डायवरमंदी शिरला. भुताच्या मधी पडला न्हवं? मारा. निघंस्तवर मारा."

आणि त्यांनी मला मारलं. किती, ते मला आठवत नाही, पाठीला आठवतं. दोन बायका आणि एक दोर. लोकांना यात काहीच वावगं वाटलं नाही. तीर्थानं झोपला, तर बरा झाला. आणि भूत नसलेला माणूस तीर्थानं झोपला, तर त्याला भूत लागलं. कोंडीरामाचं गणित कुठूनही केलं तरी उत्तर त्याच्याच खिशात पडायचं.

शिवकांता आडवी आली. दोर तिच्याही दंडावर बसला.

"थांबा," ती म्हणाली. "महाराज, झिंग्या कशातनं येतो म्हनला व्हता तुमी?"

"बाटलीतनं."

"माझा आण्णा बाटलीला शिवला न्हाय. लोट्याला शिवला."

तिनं लोटा उचलून दाखवला, तळाशी अजून तीर्थ होतं.

"आपल्या समोर लोट्यातलं पेला," ती म्हणाली, "अन् आपल्या समोर पडला. मंग झिंग्या लोट्यात हाय म्हना की. तुमी प्या बघू."

"माझ्या अंगात देव हाय, आक्का. मला चालत न्हाय."

"देवाचं तीर्थ देवाला चालत न्हाय व्हय?"

कोंडीराम शेडकडं निघाला. मल्लिकार्जुनच्या बायकोनं त्याची दाढी धरली. मल्लिकार्जुननं दारू सोडली होती, पण महिनाभर तो रोज सकाळी तीर्थाला यायचा, एक दिवस नाही मिळालं तर घरात भिंतीवर डोकं आपटायचा. ती हे कोणाला बोलली नव्हती. आता तिनं कोंडीरामाला खाली पाडलं. पाचसहा जणींनी हातपाय धरले. लोटा दातांवर आपटला, एक दात पडला. रक्त आणि तीर्थ दोन्ही त्याला गिळायला लावलं, आणि मग त्याला चिंचेला टेकवून बसवलं, बांधलं नाही.

"आता बसू," शिवकांता म्हणाली.

सगळं गाव बसलं. कोंडीराम बोलत होता. झिंग्या वीराची सात गावं, तळतळाट, निर्वंश, गावावर येणारं संकट. हळूहळू गावं पाचावर आली. मग वीराचं नाव त्याला आठवेना. "झि..." म्हणाला, "झिं...", हनुवटी छातीवर टेकली आणि महाराज घोरायला लागले.

डॉक्टर मिनाज आल्या तेव्हा चिंचेखाली तीन माणसं आडवी होती आणि भोवती चारशे माणसं चिडीचूप. "पेशंट कोणता?" त्यांनी विचारलं. त्यांनी तिघांच्याही नाड्या पाहिल्या, दुसरी गाडी मागवली आणि लोटा पिशवीत बांधून घेतला. पोलिसांना अंगाऱ्याच्या पोत्यात गोळ्यांची पाकिटं सापडली, शेकड्यांनी. कोंडीराम एका व्यसनमुक्ती केंद्रात सहा वर्षं वॉर्डबॉय होता. तिथं त्यानं पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी कसे होतात ते पाहिलं, कोणत्या गोळीनं निजतात ते पाहिलं, आणि गोळ्या चोरताना सापडल्यावर हाकलला गेला. डॉक्टरांचं अर्धं ज्ञान आणि एक चिंच, एवढं त्याचं भांडवल.

गुरुलिंग वाचला. पाच दिवस त्याला शुद्ध नव्हती. सहाव्या दिवशी शिवकांता त्याच्या खाटेशी बसली होती, मी शेजारच्या खाटेवर पालथा पडून, माझी पाठ अजून टेकत नव्हती. डॉक्टर मिनाज तिला समजावत होत्या. हा आजार आहे. औषध हळूहळू कमी करत न्यायचं, समुपदेशनाला न्यायचं, महिने लागतील. मध्ये घसरतील, तेव्हा परत आणायचं. लिव्हर सुजलंय, आणखी दोन वर्षं पीत राहिले असते तर पोटात पाणी झालं असतं. पण भूत नाही, ताई. भूत कधीच नव्हतं.

शिवकांतानं वाकडं मनगट डॉक्टरांपुढं धरलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "भूत न्हवतं. मंग बारा वर्सं मला मारत व्हतं ते कोण?"

त्या म्हणाल्या, "दारूनं माणसाचा तोल जातो, ताई. पण हात दुसऱ्याचा होत नाही."

शिवकांतानं खाटेकडं पाहिलं. गुरुलिंग जागा होता. त्याचे डोळे साफ होते, बारा वर्षांत पहिल्यांदा.

"मीच," तो म्हणाला. "पोटातल्याचं बी मीच."

ती रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल. कोंडीरामानं तिला एक गोष्ट दिली होती, नवरा चांगला आहे, मारणारा दुसराच, आणि आम्ही शहाण्यांनी ती गोष्ट काढून घेतली. त्या दिवशी मला माझ्या शहाणपणाचा आनंद झाला नाही.

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आले. महाराजावर गुन्हा दाखल झालाच होता, जादूटोणाविरोधी कायद्यानं आणि आणखी दोन-तीन कलमांनी. त्यांनी विचारलं, "ताई, महाराजांनी भूत काढायच्या नावाखाली तुमच्या नवऱ्याला मारहाण केली. असंच ना?"

"न्हाय," शिवकांता म्हणाली. "महाराजानं हात लावला न्हाय. मारलं म्या. भुताला मारलं असं वाटत व्हतं तवर बरं व्हतं. भूत न्हवतं म्हंजी म्या माणसाला मारलं. ते लिवा. अन् ह्यांनी मला मारलं, ते बी लिवा. मनगट, दोन दात, उलथनं, पोटातलं. समदं लिवा. आता दुसऱ्या कुणाचं नाव घालू नगा."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, लिहा.

ती आता आमच्याकडं, माहेरी आहे. गुरुलिंग दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात जातो, मीच नेतो, दुसरं कोणी तयार नाही. एकदा घसरला, परत नेला. ती त्याच्याकडं जाईल की नाही, ते ती ठरवेल.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. तुमच्या घरात कोणी रोज पीत असेल, सकाळी त्याचे हात थरथरत असतील, तर त्याला खोलीत कोंडून अचानक बंद करू नका. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला मुंग्या दिसल्या, उंदीर दिसले, झटका आला, तर चिंच शोधू नका, गाडी बोलवा. नंबर एकशे आठ. तोवर त्याला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. त्याच्या अंगात दुसरं कोणी नसतं. मार खाणारं माणूसच असतं, आणि मारणारंही.